कोणी पडलं की घड्याळ थांबते

तीर्थरूप बाबा, इथूनच तुमच्या पायावर डोकं ठेवते.

मी मजेत हाये. थंडी वाढून राह्यली, पण जाड स्वेटर घेतलं. इथं अमेरिकेत आमच्या कॉलेजच्या फुटबॉल सामन्याचं घड्याळ सांभाळाचं काम मले भेटलं. तुमच्यामुळंच जमलं.

इथला फुटबॉल चेंडू हातात घेऊन खेळतात. गडी चेंडू घेऊन रेषेबाहेर गेला की घड्याळ थांबते. फेकलेला चेंडू झेलता नाही आला, तरी थांबते. पण पंचानं हात केल्यावरच बटन दाबाचं.

शनिवारी एक पोट्टा आपटला अन् म्या इशाऱ्याआधीच बटन दाबलं! जानेफळच्या कबड्डीत कोणत्याबी बाजूचा गडी पडला की तुमी शिट्टी मारून घड्याळ थांबवता, तेच हातात बसलं हाये. पंचानं वेळ दुरुस्त केली. घड्याळाचं काम शिकवणारी आमची मॅडम रागावली नाही, हसून म्हणे, "हे तुले कोणं शिकवलं?" म्या तुमचं नाव सांगतलं.

धाकल्या छकुलीची परीक्षा कशी गेली?

आईच्या तोंडून फोनवर निसटलं, तुमी मैदानावर चक्कर येऊन पडले म्हणून. मले काऊन नाही सांगतलं? शिट्टी तर तुमच्याच हातात व्हती. मंग खेळ कोणं थांबवला, बाबा?

तुमची लेक,
श्रद्धा