लुद्मिलाचं कॉलेज आणि माझी तटस्थता

४ नोव्हेंबर
लेकीने जाहीर केलं, बालविकास आणि मानसशास्त्रच शिकणार. मी म्हणालो, लुद्मिला, कॉलेज तूच निवड, बापाची लुडबूड नको. किती समंजस आहे मी! ती कोर्दोबाचं म्हणते. बसने सहा तास. मी चकार शब्द काढला नाही. फक्त खोकलो.

५ नोव्हेंबर
तटस्थ चौकशी केली. कोर्दोबाची हवा वाईट. पोरीला लहानपणी एकदा सर्दी झाली होती. आपल्या रोसारियोतलं, घरापासून दोन चौकांवरचं कॉलेज झकास. कॅन्टीनमध्ये खिम्याच्या एम्पानादा, म्हणजे तिखट करंज्याच, गरमागरम. तीन खाल्ल्या.

९ नोव्हेंबर, रविवार
अंगणात मांस भाजायला सगळे जमले. विषय कुणी काढला कोण जाणे. (मीच.) आमच्याकडे प्रत्येकाचा आपापला मानसतज्ज्ञ, त्यामुळे माणसं तेवढी मतं. मेव्हण्याची मानसतज्ज्ञ म्हणते, मुलीला जाऊ द्या. सासूबाईंचा डॉक्टर म्हणतो, आधी बापाला तपासा. बायको नेलिदा म्हणाली, आधी मांस उलट, करपतंय. करपलंच.

११ नोव्हेंबर
माझ्या मानसतज्ज्ञ ब्रुस्काबाईंकडे. म्हणालो, प्रश्न माझा नाहीच, पोरीच्या भवितव्याचा आहे. ती गेली तर संध्याकाळी मी माते कुणाबरोबर प्यायचा? तो कडू चहा एकाच भांड्यातून आळीपाळीने घ्यायचा असतो. बाई ताडकन उठल्या. आज इथंच थांबू, म्हणाल्या. इतरांना तासभर बसवतात, मला दहा मिनिटांत मोकळं केलं. माझ्यात खोटच उरली नसणार.

१४ नोव्हेंबर
दोन चौकांवरच्या कॉलेजात बालविकास शिकवतच नाहीत. अकाउंटंट घडवतात. तेवढं सोडलं तर आदर्श. लुद्मिलाला समजावलं, मुलं काय नि हिशेब काय, दोन्हीकडे चिकाटीच लागते. ती खोलीत गेली, दार आपटलं. विचार करत असेल.

३ डिसेंबर
कोर्दोबाला नाव घालून आली. आईला माहीत होतं. सासूबाईंना माहीत होतं. शेजारच्यांनी अभिनंदनाचा केक आणला, तेव्हा मला कळलं. असो. निर्णय तिचाच, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.

२८ फेब्रुवारी
बसस्टँडवर मी एकदम शांत. एवढंच सांगितलं, स्वेटर वर ठेव, वाटेत फोन कर, पोचल्यावर फोन कर, नकोसं वाटलं तर मध्येच उतर, मी गाडी काढून मागोमाग येतोच, नाहीतर आत्ताच येतो, नाहीतर... लुद्मिलाने घट्ट मिठी मारली. पपा, आज इथंच थांबू, म्हणाली, थेट ब्रुस्काबाईंसारखी. आणि चढली.

घरी येऊन माते केला. सवयीने तिच्या खुर्चीकडे पुढे केला. नेलिदाने घेतला.

तेव्हापासून नाक वाहतंय, डोळे चुरचुरताहेत. सर्दीच. तरी सांगत होतो, कोर्दोबाची हवा वाईट.