बांधावरचे बुडखे

१७ नोव्हें., रवि.
सकाळी वडिलांचा, दादांचा फोन. शेजारच्या आप्पांनी बांधाकडेचे पाचही आंबे तोडले. नाशिक रोडहून गावी पोचेपर्यंत फांद्या ट्रॉलीत गेलेल्या. उरले बुडखे.
आप्पा : "सावलीनं माझ्या द्राक्षावरचा भुरीचा रोग हटत नाय. किती साल सांगू?"
दादा : "झाडं माझी. बांध कुठं हाय बघ, झाडं कुठं हायेत बघ."
बरोबर. बांध झाडांच्या पलीकडे, झाडं आमच्या बाजूला. तरी लहानपणी आंबे उतरवले की दोन ढीग व्हायचे, एक आप्पांचा. का, ते कधी विचारलं नाही.

२१ नोव्हें.
आप्पांना नोटीस गेली. वकील म्हणाले, सरकारी मोजणी हवी. तातडीचा अर्ज केला.
दादा खुशीत. "इंजिनेर पोरगी घरात असून वाट कशाला बघायची? आधी तूच मोज."
आई : "कशाला मोजायचं?" एवढंच.

२४ नोव्हें., रवि.
ऑफिसचं मोजणीयंत्र साहेबांना विचारून आणलं. हद्दीचे जुने दगड दोनच शाबूत. एक विहिरीपाशी, एक रस्त्याला. दोन्हींमधली रेषा बुडख्यांमधूनच जाते. पुन्हा मोजलं. तेच.
म्हणजे आंबे मूळच्या बांधावर होते. दोन्ही घरांचे. झाड हलत नाही, बांध हलला. आमची द्राक्षबाग लावायच्या आधी, दरवर्षी नांगरताना एकेक तास, नांगराची एक रेघ, पलीकडे. बांध कोरण्याला गावात कुणी चोरी म्हणत नाही; सगळेच कोरतात. पण फवारणीचा ट्रॅक्टर जिथे वळतो ती आमची वाट अख्खी आप्पांच्या रानात आहे. ती गेली तर प्रत्येक ओळीच्या टोकाचे वेल काढावे लागतील.
दादांना म्हटलं, हिशेब ऑफिसात करावा लागतो. खोटं. उत्तर जागेवरच दिसतं.

२६ नोव्हें.
सांगितलं. कागदावर रेषा काढून.
"यंत्र चुकलं असंल."
नाही चुकलं.
"तू कुणाकडून हायेस?"
म्हटलं, नोटीस मागे घ्या. नाहीतर मोजणीत झाडांवर त्यांचा अर्धा हक्क निघेल, आपली वाट जाईल.
"आन् त्यानं माझ्या बापाच्या हातची झाडं तोडली, ते?"
हे मात्र खरं. न विचारता तोडायचा हक्क आप्पांनाही नव्हताच.
जेवताना पुन्हा : "मोजणीवाला रेषा कशावरून धरतो?" दगडांवरून, म्हटलं. आणि बुडखे साक्षीला आहेतच. हे शेवटचं बोलायला नको होतं. तेव्हा लक्षात आलं नाही.

१४ डिसें., शनि.
मोजणी सोमवारी. संध्याकाळी गावी आले तर बांधावर जेसीबी. चार बुडखे उपटून झालेले. विहिरीपाशी गेले. दगड नाही, माती सपाट. मोजणीदार आता लांबच्या शेतांच्या दगडांवरून रेषा धरील. जमेल, किंवा चुकेल.
"बुडख्याला वाळवी लागती," दादा म्हणाले. माझ्याकडे न बघता.
आप्पा बांधापलीकडे, स्वतःच्या रानात उभे. जेसीबी थांबला तेव्हा बोलले.
"पोरी, त्या दिशी तू मोजलंस ना? काय आलं ते सांग. तू सांगशील ते मला कबूल. मोजणी नको न् कोर्टबी नको."
दादा आता माझ्याकडे बघत होते.
म्हटलं, आप्पा, सकाळी घरी येते.
दादांनी जेसीबीवाल्याला पाचव्या बुडख्याकडे हात केला.