वहिनीने परत पाठवलेली पेटी

प्रिय छोट्या,

तुझ्या ख्रिस्ती मंडळीच्या शीर्षपत्रावर, वरच्या कोपऱ्यात रंगीत क्रूस आणि तळाशी दूरध्वनी क्रमांकांची पलटण अशा राजवैभवात रवाना झालेला सांत्वनलेख आज पावला. त्यात तू मला ‘आदरणीय महोदय’ म्हटले आहेस, तुझ्या वहिनीला ‘दिवंगत भगिनी’ म्हटले आहेस, आणि शुक्रवारी तिच्या दफनाला तू आलेला ‘आपल्या गटास’ चालेल काय, अशी विनम्र पृच्छा केली आहेस. हा मजकूर तुझ्या सचिवबाईंनी टंकला असावा अशी माझी श्रद्धा आहे, आणि श्रद्धा सहजासहजी न सोडण्याबद्दल मी या गावात पुरेसा कुप्रसिद्ध आहे. ज्या मुलाचे शेंबडे नाक तिने वर्षानुवर्षे स्वतःच्या रुमालाने पुसले, तो तिला भगिनी म्हणेल हे मानणे मला जड जाते.

प्रथम ‘गटा’विषयी. तू आमच्याकडे एकदाही आला नाहीस, म्हणून वृत्तांत सादर करतो. तुझ्या विशाल देवालयातून आम्ही बाहेर पडलो त्यानंतर आमची उपासना माझ्या चष्म्याच्या दुकानामागील नेत्रपरीक्षण कक्षात भरते. वेदीच्या जागी माझे जुने टेबल आहे, त्यावर धुतलेली चादर आहे, आणि चादरीच्या बरोबर वर अक्षरांचा तक्ता टांगलेला आहे, कारण तो काढला तर भिंतीचा गिलावाही सोबत येतो. मी शास्त्रपाठ वाचत असताना निवृत्त बसचालक एक डोळा झाकून शेवटची ओळ वाचण्याचा सराव करतात. घड्याळदुरुस्तीवाले काका कानाने अधू असल्यामुळे प्रत्येक प्रार्थनेला आमेन म्हणायला अर्धी प्रार्थना उशीर करतात. दोघी शिंपीण भगिनी एकमेकींशी बोलत नाहीत, परंतु स्तोत्रे एकाच पुस्तकातून गातात. तुझी वहिनी दाराशी, ग्राहकांच्या खुर्चीवर बसायची. ती म्हणायची, “अहो, आपली मंडळी फार नाही, पण नजर तपासलेली आहे.” ख्रिस्ती सभेच्या इतिहासात यापेक्षा लहान धर्मपीठ झाले नसेल असे नाही, परंतु यापेक्षा कमी उजेडाचे खचित झाले नसेल.

हे सारे का घडले ते तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण दुःखात माणसाला ठाऊक असलेल्या गोष्टीच लिहाव्याशा वाटतात. आई गेली तेव्हा तू चड्डीची नाडी स्वतः बांधू शकत नव्हतास, आणि माझे लग्न होऊन जेमतेम एक हिवाळा लोटला होता. तुला आपल्या लूथरन पंथाची धर्मप्रश्नोत्तरी शिकवण्याचा पहिला मान मी घेतला आणि पहिल्याच आज्ञेवर इतके प्रदीर्घ भाष्य केले की तू पाटावरच झोपलास. मग तिने सूत्रे हाती घेतली. ती कपड्यांना इस्त्री करायची आणि तू समोर उभा राहून उत्तरे म्हणायचास. चुकलास की कपड्यांवर मारायचे पाणी ती तुझ्या तोंडावर मारायची. बाप्तिस्म्याच्या प्रकरणात तू मुद्दाम चुकायचास, उन्हाळा होता म्हणून. ते तिला कळायचे आणि ती मुद्दाम जास्त पाणी मारायची. पुढे पाळक म्हणून तुझ्या दीक्षाविधीच्या दिवशी तुझ्या पांढऱ्या झग्याला तिनेच इस्त्री केली. उपासनेत सारे मिळून म्हणतात तो प्राचीन विश्वासांगीकार आणि आपल्या पंथाच्या पूर्वजांनी जर्मनीत ऑग्सबर्ग येथे सम्राटापुढे मांडलेली श्रद्धेची कबुली यांना धरूनच शिकवीन, असे वचन तू सर्वांसमक्ष मोठ्याने दिलेस. ती माझ्या कानात म्हणाली, “बघा, एकदाही अडखळला नाही.” मी म्हणालो की, आवाज माझ्यावर गेला आहे. ती म्हणाली, “आवाज तुमच्यावर. बाकीचं माझ्यावर जाऊ दे.”

तुझी तळमळ खोटी होती असे मी कधी म्हटले नाही. निदान घरात म्हटले नाही. ती म्हणू द्यायची नाही. बाके रिकामी होत होती, तरुण येईनासे झाले होते, आणि प्रामाणिकपणे शंका घेणाऱ्या माणसाला दाराबाहेर ठेवायचे नाही हे तुझे म्हणणे तिला अर्धे पटत होते. “आत बसवू दे ना त्याला,” ती म्हणायची, “मी सरकून जागा देते. पण तो आत आल्यावर त्याला सांगायला काही उरलं पाहिजे.” वार्षिक सभेत ‘आमचा विश्वासप्रवास’ नामक घडीचा कागद वाटला गेला, आणि विश्वासांगीकारातल्या देहाच्या पुनरुत्थानाच्या जागी ‘आशेचे नित्यनूतन उमलणे’ अवतीर्ण झालेले मी पाहिले, तेव्हा मी उभा राहिलो हे गावाला अद्याप स्मरते. मी म्हणालो की, ग्राहकाला अक्षर दिसेनासे झाले तर मी भिंग बदलतो, तक्ता बदलत नाही. टाळी पडली नाही. कोणीतरी ध्वनिक्षेपक बंद केला. घरी येताना ती म्हणाली, “हे वाक्य किती दिवस घोकून ठेवलं होतंत?” आणि तरी त्या सभेत खरा प्रश्न विचारला तो तिनेच. शेवटच्या बाकावरून, उभीही न राहता. “छोट्या, यात मेलेल्यांचं काय होतं ते कुठं लिहिलंय?” तू हातातले कागद चाळत राहिलास. मग मतदान झाले, आम्ही हरलो, आणि तुझ्या समितीने आम्हाला सामान न्यायला शनिवारपर्यंत मुदत दिली. सामान म्हणजे तिने विणलेले वेदीवस्त्र. ते तिने तिथेच ठेवले. म्हणाली, टेबल प्रभूचंच राहणार, उघडं कशाला ठेवायचं.

यापुढील भाग तुला ठाऊक नाही. आमच्यात दीक्षित पाळक नाही. रीतसर पाचारण झाल्यावाचून कोणी मंडळीत संस्कार देऊ नये, हे आमच्या कबुलीत लिहिले आहे. आणि ज्या कबुलीसाठी देवालय सोडले ती पहिल्याच अडचणीत मोडायची म्हणजे सोडून काय साधले? आपल्या मताचे एक वृद्ध पाळक दूरच्या गावाहून बसने यायचे, बॅगेतून वधस्तंभ आणि पायमोजे एकदम काढायचे, आणि आम्हाला भाकरी व द्राक्षारसाचे प्रभुभोजन द्यायचे. गेल्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात पडले आणि खुब्याचे हाड मोडून घेतले. तेव्हापासून आमचे टेबल रिते आहे. घड्याळवाल्या काकांनी सुचवले की, ते काम मीच करावे. तुला खोटे कशाला सांगू, ती सूचना माझ्या अंतःकरणात घंटेसारखी निनादली. मी तुझ्या वहिनीकडे विनयपूर्वक पाहिले. ती म्हणाली, “तुम्हाला प्रभुभोजन द्यायचं नाहीये. तुम्हाला झगा घालायचाय.” विषय तेथेच संपला. आम्ही उपाशी राहिलो. लोक समजतात की आग्रही माणसांना आग्रहाचे सुख मिळते. रविवारमागून रविवार त्या कोऱ्या चादरीकडे बघून पाहा.

आणि मग तिचे दुखणे निघाले. इस्पितळातल्या त्या खोलीत खिडकीखाली उन्हाने तापलेला नळ होता आणि शेजारच्या खाटेवरची बाई सारखी किती वाजले विचारायची. तिथे तिने पहिल्यांदा मला सांगितले की, तिला भूक लागली आहे. जेवणाची भूक तर तिला आठवडाभर नव्हतीच. कसली ते मला कळले. मी पाळकांना फोन केला. ते अंथरुणातून रडले. मग मी तुला निरोप धाडला. होय, मी. तू समजतोस तुला परिचारिकेने कळवले. परिचारिकेला मी गळ घातली होती.

तू आलास, आजाऱ्यांना प्रभुभोजन देण्याची ती काळी पेटी घेऊन आलास, आणि तिच्या खाटेवर ती उघडलीस. मी दारात होतो. तिने तुला विचारले, “छोट्या, तू रविवारी तिथं जे म्हणतोस आणि मी जे मानते, ते एकच आहे का रे?” तू म्हणालास, “वहिनी, आता कशाला ते?” तिने पेटी हाताने तुझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, “मग पेटी मिट. तू बस. चहा मागवते.” तू बसला नाहीस. बाहेरच्या बोळात तू माझ्यासमोर थांबलास आणि म्हणालास, “दादा, मरणाऱ्या बाईला तरी सोडायचं होतंस. तिच्या तोंडी तुझेच शब्द घातलेस.” मी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग विरळा. त्यावरून तरी तुला शंका यायला हवी होती.

छोट्या, शब्द तिचेच होते. माझे शब्द तर याच्या नेमके उलट होते. तू येण्यापूर्वी संबंध सकाळ मी तिच्या खाटेशी बसून तिची मनधरणी करत होतो. मी, तुझ्या सभेतला लोहस्तंभ, तिला सांगत होतो की आपल्याच कबुलीप्रमाणे संस्काराचा प्रभाव देणाऱ्याच्या योग्यतेवर अवलंबून नाही. हात कोणाचाही असो, देणारा प्रभूच आहे. तेव्हा घे, तुझ्या पाया पडतो, घे. सिद्धांत बिनचूक होता. त्याच्या पोटात दडलेला नवरा तिने ओळखला. ती म्हणाली, “त्याच्या हातून घेतलं तरी ते प्रभूचंच असतं, हे मला तुम्ही शिकवू नका; मी त्याला शिकवलंय. पण एका ताटावर बसायचं म्हणजे आम्ही एक आहोत म्हणायचं. आणि आम्ही एक नाही. जेवताना खोटं बोलू का?” मी म्हणालो, या अवस्थेत देव एवढे खोटे पोटात घालील. त्यावर ती काय म्हणाली ते तुला सांगायचे असे मी ठरवले नव्हते, पण ते तुझे आहे, माझ्याकडे ठेवता येत नाही. ती म्हणाली, “देव घालील हो. पण छोट्या उद्या म्हणेल, वहिनीनं पण घेतलं, म्हणजे मधे काही नव्हतंच. मग तो परत यायचा कशाला? मला त्याला इतक्या स्वस्तात सोडायचं नाही.”

तू पेटी मिटून गेलास त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून रडली. तुझ्यासाठी की त्या भाकरीसाठी, ते मी विचारले नाही. संध्याकाळी तिने मला सांगितले, “निदान क्षमेचे शब्द तरी म्हणा. प्रसंगी ते पाळक नसलेल्यानंही म्हणायचे असतात. आणि कृपा करून त्यात एकही जड संस्कृत शब्द घालू नका.” मी म्हटले. तुझ्या पापांची तुला क्षमा झाली आहे, येशूच्या नावाने, एवढेच. तीस वर्षांच्या संसारात मी तिला एका दमात सांगितलेले हे सर्वांत छोटे वाक्य. ती म्हणाली, “आता कसं,” आणि झोपली. त्यानंतर ती फारशी बोलली नाही. गेली तेव्हा मी तिथेच होतो आणि शेजारची बाई किती वाजले विचारत होती.

आता तुझ्या पृच्छेचे उत्तर, आणि ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. दफनाला पाळक लागतोच असे नाही, म्हणून शुक्रवारी सारे मलाच वाचायचे आहे. दुकान बंद करून मी मागच्या खोलीत विश्वासांगीकार मोठ्याने म्हणून पाहतो आहे. पापांच्या क्षमेपर्यंत मी ठणठणीत पोहोचतो. पुढे देहाच्या पुनरुत्थानाचे शब्द येतात आणि तिथे आवाज बसतो. आजवर ते मी सिद्धांत म्हणून म्हणत आलो, सभा गाजवत आलो. आता ते एका मनगटाविषयी आहे, सलाईनच्या सुयांनी काळेनिळे झालेल्या. मानतो, छोट्या, पूर्वीपेक्षा जास्त मानतो, फक्त तोंडातून येत नाही. काकांना ऐकू येत नाही, बसचालकांचे पाठ नाही, आणि त्या भगिनींना माझ्याआधीच रडू येईल. म्हणून तू ये. झगा नको, शीर्षपत्र नको, तिचा दीर म्हणून ये आणि माझ्या उजव्या बाजूला उभा राहा. मी तिथे थांबलो तर पुढचे शब्द तू उचल. परंतु ते तुला खरे वाटत असतील तरच. माझ्यावर दया म्हणून म्हणू नकोस, तिच्यासाठी म्हणूनही नको. खरे वाटत नसतील तर गप्प राहा. आपण दोघे तसेच उघड्या खड्ड्याशी उभे राहू, लोक वाट पाहतील, आणि आवाज परत आला की मी म्हणेन. कितीही वेळ लागो, तोवर माझा दंड धरून ठेव.

तुझाच,
दादा