तिसऱ्या भागातला राक्षस

प्रिय ताई,

आधी बातमी, मग ख्यालीखुशाली. तिसऱ्या भागातला राक्षस मेला! गुरुवारी दुपारी, चार वाजून दहा मिनिटांनी. तुझी भावजय साक्षीला आहे. ती इस्त्री करत होती, माझी आरोळी ऐकून तिनं शर्टाची बाहीच जाळली. वीस वर्षं आपल्या नाकावर टिच्चून जगला मेला, शेवटी लोळवला.

कामावर लिफ्टचं दार उजव्या अंगठ्यावर आलं त्याला आता अडीच महिने झाले. टाके निघाले, पण हा अंगठा परत नट आवळेल की नाही, हे कुणीच छातीठोकपणे सांगेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी स्पंजचा चेंडू दिला आणि रोज पाचशे वेळा दाबायला सांगितला. दोन दिवसांत मला त्या चेंडूचं तोंडही बघवेना. मग माळ्यावरून आपलं गेमचं खोकं काढलं. बाईंना भीतभीत विचारलं, तर म्हणाल्या, दाबायचंच आहे ना, मग काहीही दाबा.

पहिल्या भागापासून सुरुवात केली. आपला वीर अजून जिवंत आहे गं! तू मला चिडवायला त्याचं नाव ठोंब्या ठेवलं होतंस. अजूनही राजा, प्रधान, जादूगारीण, सगळे गंभीर चेहऱ्यानं ठोंब्याला राज्य वाचवायची गळ घालतात. तू शेजारी बसून पडद्यावरची अक्षरं वाचून सांगायचीस आणि मी बटणं बडवायचो. या वेळी वाचायलाही मीच, बडवायलाही मीच. सुरुवातीला ढालीचं बटण पाच आकडे म्हणेपर्यंतही दाबून धरता येईना, कळ थेट कोपरापर्यंत जायची. एका फालतू लांडग्यानं मला नऊ वेळा खाल्लं. भावजय म्हणाली, याच्यापेक्षा भांडी घासा. दुसरा भाग संपेपर्यंत मी तीस आकड्यांवर आलो, आणि भांडीही घासू लागलो.

आणि तिसऱ्या भागात आपण का हरायचो, ते कळलं. तुझा नियम आठवतो? औषधाच्या बाटल्या वापरायच्या नाहीत, पुढं लागतील. अगं, राक्षसाच्या पुढं काही नव्हतंच! तो शेवटचाच. दर वेळी पोतडीत नव्व्याण्णव बाटल्या आणि आपण चारी मुंड्या चीत. मी हसता हसता रडलो, ताई. आई गेल्यावर घर तू चालवलंस, तेव्हा राखून ठेवायची ती सवय कुठून आली असेल, हे मला इतक्या उशिरा समजलं. गुरुवारी मी मात्र धडाधड सगळ्या बाटल्या ठोंब्याच्या घशात ओतल्या. शेवटच्या घावाला कळ पुन्हा कोपरापर्यंत गेली, पण अंगठा बटणावरून हलला नाही.

आता खरं सांगतो, पत्र कशासाठी ते. भाऊजींच्या ऑफिसातल्या खुर्चीवरच्या नोकरीला मी फोनवर हो म्हणालो, तेव्हा तू आनंदानं रडलीस. ते ऐकल्यावर पुढं बोलायला माझी जीभ रेटेना, म्हणून लिहितोय. तो होकार भीतीनं दिला होता. आज सकाळी आमच्या लिफ्ट कंपनीच्या साहेबांनी माझी परीक्षा घेतली. वीज बंद, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये, मी गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत. उजव्या हातानं ब्रेकची तरफ दाबून धरायची आणि डाव्यानं चाक फिरवत लिफ्ट मजल्याला लावायची. लावली, पायरीला पायरी! साहेबांनी माझी पान्या-पकडींची पेटी माझ्या हातात दिली. वीज आल्यावर लिफ्टमध्ये सात माणसं चढली, त्यांच्यामागून मीही. एक बाई फोनवर कुणाला तरी दूध आणायला सांगत होत्या, एक आजोबा जांभई देत होते. अकरा मजले उतरले, कुणी वर मान करून बघितलंसुद्धा नाही. इतकं बिनबोभाट काम झालं. ती खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या, ताई. मी येत नाही.

तुझाच,
धाकटा