डिरेक्टरीतले अण्णा

अण्णा,

गेल्या आठवड्यात मी धाकट्या बहिणीच्या नातीकडे सर्जापूर रोडला राहायला आले. ती नवी नोकरी शोधते आहे. काल सकाळी कॉफी पिता पिता तिनं स्वतःबद्दल कॉम्प्युटरवर काय लिहिलं आहे ते मला वाचून दाखवलं. हल्ली सगळे असं लिहून ठेवतात म्हणे, आणि ते वाचून अनोळखी लोक कामाला बोलावतात. एका ओळीपाशी मी विचारलं, "हे सगळं तू एकटीनं केलंस?" ती हसली. "नाही गं आज्जी, आम्ही पुष्कळ जण होतो. स्वल्प वाढवून लिहायचंच असतं. वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असतं." इतक्या सहज म्हणाली. पण माझी मान आपोआप वर गेली, छताकडे. कुठल्याही खोलीत गेलं की मी आधी छत पाहते आणि मग बसते. पोरीला वाटतं, आज्जीला जळमटं दिसतात. तिला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तो एजंट आपल्या बसवनगुडीच्या घरी आला तेव्हा तुम्ही नुकतेच निवृत्त झाला होता. भाषावार प्रांतरचनेत राज्य नुकतंच मोठं झालं होतं. धारवाड, बेळगाव, गुलबर्ग्याकडून साहेब लोक, वकील, व्यापारी बंगळुरात येत होते, आणि त्यांना इथं कुणी ओळखत नव्हतं. कुणाला भेटावं, कुणाच्या शब्दाला वजन आहे, हे त्यांना घरबसल्या कळावं म्हणून गावातल्या मान्यवरांची एक इंग्रजी डिरेक्टरी निघणार होती. एजंट बाहेरच्या खोलीत बसलेला मला अजून दिसतो. मांडीवर चामड्याची बॅग, तिच्यावर कागद.

"हुद्दा?"

"ओव्हरसियर. रस्ते आणि गटारं."

त्यानं पेन उचललं. "सर, ओव्हरसियर लिहिलं तर लोक पान उलटतील. सिव्हिल इंजिनियर लिहितो. निवृत्त."

"अहो, पण मी…"

"रस्ता बांधलात ना? मग झालं."

आई आतून म्हणाली, "घाला, घाला. गटारांचे दिवाण म्हणून घाला." एजंट तिच्याकडे न बघता पुढं गेला. "छंद?" तुम्ही विचारात पडलात. "संध्याकाळी बाजारातून भाजी आणतो," असं म्हणालात. "वॉकिंग," तो म्हणाला आणि लिहून मोकळा झाला. नाव छापायला काही पडत नाही, मात्र पुस्तकाच्या प्रती आगाऊ घ्याव्या लागतात, हे त्यानं उठता उठता सांगितलं. तुम्ही मान डोलावून "सरी, सरी" म्हणालात. मला तेव्हा हसू आलं होतं.

पुस्तक आलं तेव्हा त्याला लाल कापडी बांधणी होती. तुम्ही आपलं पान किती वेळा उघडून पाहिलंत ते मी मोजलं नाही, पण पुस्तक ठेवलं तरी तिथंच उघडू लागलं. मग तुम्ही सकाळी काठी घेऊन फिरायला जायला लागलात. आई म्हणाली, "पुस्तकात छापलंय, आता चालणं भाग आहे." तुम्ही रागावला नाहीत. त्या दिवसांत तुम्ही जरा ताठ चालत होता, आणि मला ते आवडत होतं.

मी बी.ए. होऊन घरी बसले होते. धाकट्या दोघींची लग्नं पुढं दिसत होती. तुम्ही त्या पुस्तकातून आपल्या लोकांची नावं शोधून काढलीत आणि माझ्या नोकरीसाठी मला घेऊन एकेकाच्या घरी जायला लागलात. एका निवृत्त न्यायाधीशांच्या व्हरांड्यात आपण बसलो होतो. त्यांनी आधी तुमच्याशी एक शब्दही न बोलता आतून आपली प्रत मागवली, चष्मा लावून तुमचं पान काढलं, वाचलं, आणि मगच गड्याला कॉफी आणायला सांगितली. "पूल बांधलेत का काही?" त्यांनी विचारलं. तुमच्या बोटांनी टोपी दाबून धरलेली मी पाहिली. "लहानसहान," तुम्ही म्हणालात. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ती लहानशी होती, पोटात सुपारीएवढी. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला असता तर काय झालं असतं, हाच विचार मी घरी येईपर्यंत करत होते. त्या घरातून नोकरी काही मिळाली नाही.

ती मिळाली चिटणिसांमुळे. ते बेळगावकडचे कापडाचे व्यापारी, चिकपेठेत दुकान काढलेलं, आणि मुलींची एक नवी शाळा चालवायला घेतलेली. कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन ते आपल्या दारात उभे राहिले. "रावसाहेब, पुस्तकात आपलं नाव वाचलं. इंजिनियर पुष्कळ आहेत, पण आपल्या भाषेतला हा एकच सापडला." शाळेसाठी त्यांनी एक जुनं घर घेतलं होतं, चप्पडीचं, म्हणजे दगडी फरशांच्या छताचं, आणि त्यावर त्यांना आणखी एक वर्ग चढवायचा होता. भार पेलेल असं कुणा जाणत्या इंजिनियरानं लिहून दिलं तर खात्याची मंजुरी लगेच मिळणार होती. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. मग त्यांनीही माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अक्का काय शिकलीय?"

आपण ते घर बघायला गेलो. तुम्ही भिंतीवर थाप मारता, खांबाभोवती फिरता, मान वर करून तुळईकडे बघता. चिटणीस तुमच्या मागं मागं, हात जोडल्यासारखे. तुम्ही फार वेळ वर पाहत राहिलात. मला माहीत होतं की तुम्हाला तिथं काहीच कळत नाही. तुम्हाला जमिनीखालचं कळायचं, पाणी कुठून कुठं जाईल ते. छताखाली उभं राहून तुम्ही कधी काम केलं नव्हतं. तरी तुम्ही म्हणालात, "जुनं काम आहे, पक्कं आहे," आणि तसं सही करून लिहून दिलंत. कदाचित तुम्हाला तसं खरंच वाटलं असेल. त्या पुस्तकावर गावानं जेवढा विश्वास ठेवला होता, तेवढा थोडाफार तुम्हीही ठेवला असेल. शाळा उघडल्यावर मी तिथं गणित शिकवायला लागले.

वरचा वर्ग बांधून झाला आणि पुढच्या उन्हाळ्याआधी माझ्या वर्गात, तुळईचं टोक भिंतीत शिरतं त्याच्या खाली, एक भेग दिसली. केसाएवढी. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही रविवारी आलात, बाकावर चढलात, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेची एक पट्टी कापून खळीनं त्या भेगेवर आडवी चिकटवलीत. "गटाराच्या कमानींना आम्ही असंच करायचो," तुम्ही म्हणालात. "भेग जुनी असेल तर कागद तसाच राहतो. भिंत हलत असेल तर कागद फाटतो. तू रोज बघ."

मी रोज बघत होते. मुली यायच्या आधी जायची आणि दारातूनच वर पाहायची. कागद अखंड दिसला की श्वास सोडायची. मग मुली यायच्या, वरच्या वर्गातल्याही यायच्या, आणि डोक्यावर बाक सरकल्याचा आवाज यायचा. प्रत्येक आवाजाला माझा खडू थांबायचा. वरच्या मुली प्रार्थनेनंतर एकदम खाली बसायच्या, तेव्हा फळ्याकडे तोंड करून मी डोळे मिटून घ्यायची. पुढच्या बाकावरची एक आगाऊ मुलगी एकदा म्हणाली, "टीचर, तुम्ही पाढे विसरला का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. कागद अखंड आहे, मी मनात म्हणत होते, अखंड आहे.

मग एक दिवस शिपाई घंटेजवळ बसून विडी विझवता विझवता मला म्हणाला, "मेडम, तुमचे अण्णा फार भक्तीचे. रोज उजाडता येतात की, देवळात यावं तसे. मी दार उघडून देतो. तुमच्या वर्गात जातात, स्वल्प वेळ बसतात, जातात."

मी वर्गात गेले. बाकावर चढले. पट्टी पांढरी शुभ्र होती. वर्तमानपत्राचा कागद इतके दिवस पांढरा राहत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी बोट लावलं. खळ अजून ओलसर होती. तिच्याखाली आधीच्या पट्टीचे तुकडे चिकटून राहिले होते, भेगेच्या दोन बाजूंना, आणि दोन्हींच्या मध्ये माझं नख सहज जात होतं.

त्या दिवशी मी मुलींना व्हरांड्यात बसवलं. आत उकडतं, असं सांगितलं. वरच्या मुली मात्र वरच होत्या. त्यांना खाली आणायला मला काहीच कारण सुचलं नाही, आणि खरं कारण तोंडून निघेना. शाळा सुटेपर्यंत मी व्हरांड्याच्या कडेला उभी राहून त्यांचे आवाज ऐकत होते.

घरी आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात होता. ज्या माणसानं कधी स्वतःचा पाण्याचा तांब्या भरून घेतला नाही, तो शेगडीपुढं उकिडवा बसून पातेलीत खळ ढवळत होता. आई देवळात गेली होती. शिजत्या पिठाचा वास येत होता.

"कितव्यांदा, अण्णा?"

तुम्ही ढवळणं थांबवलं नाहीत. तसंच ढवळत म्हणालात, "आधी आठवड्यानं फाटायची. आता रोज फाटते."

"मग?"

"मला कळत नाही गं, अक्का. कमानीला भेग गेली तर आम्ही माती उकरून परत बांधत होतो. वर मुली बसलेल्या नसायच्या." तुमचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "पट्टी चिकटवली की दिवसभर वाटतं, आहे, ठीक आहे. तूही बघशील आणि तुलाही वाटेल."

मी खाली बसले. दोघंही पातेलीकडे बघत होतो. खळीवर साय धरायला लागली. बोललो तर तुमचं नाव जाणार, माझी नोकरी जाणार, धाकट्यांना कोण विचारणार. न बोललो तर, पुढचं मी मनातही पूर्ण करत नव्हते. शेवटी तुम्ही पातेली उतरवलीत आणि म्हणालात, "सकाळी मी चिटणिसांकडे जातो. तू चल बरोबर."

सकाळी चिकपेठेच्या गल्लीत मी समोरच्या बांगडीवाल्याच्या पायरीवर उभी आहे. तुम्ही कोट घातला आहे, नोकरीतला फेटा बांधला आहे. दुकानाशी तुम्ही थांबता, मागं वळून माझ्याकडे बघता. मग आत जाता. आधी चिटणिसांचं हसणं ऐकू येतं, मोठ्यानं. "अहो रावसाहेब, त्यात काय! त्या पुस्तकात मी उद्योगपती आहे. हे एवढं दुकान! सगळेच तसे आहेत त्यात!" तुम्ही काहीतरी हळू बोलता. हसणं थांबतं. थोड्या वेळानं चिटणीस चपला न घालताच बाहेर येतात आणि रिक्षा शोधत शाळेकडे धावत सुटतात.

दुपारपर्यंत दोन्ही वर्ग रिकामे झाले. तुळईखाली वासे लागले. नंतर खात्याचा इंजिनियर आला, त्यानं वरचा वर्ग उतरवायला सांगितलं. किती दिवस टिकलं असतं, असं चिटणिसांनी विचारलं, तर तो म्हणाला, "टिकलंही असतं. सांगता येत नाही." त्या उत्तरानं मला कधीच सोडलं नाही. तुम्ही इंजिनियर नव्हता, हे चिटणिसांनी कुणाला सांगितलं नाही. मी राजीनामा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "तुमची बी.ए. तरी खरी आहे ना? मग जा वर्गात." मी तिथंच निवृत्त झाले. तुम्ही फिरायला जाणं सोडलंत. डिरेक्टरी वाचून लोक येतच राहिले, आणि आई त्यांना दारातूनच सांगायची, "यजमानांची तब्येत बरी नाही." तुम्ही आतल्या खोलीत बसून ते ऐकायचा.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. पोरगी कामावरून यायच्या आत फाडून टाकीन. पण एवढं लिहायचं राहिलं आहे. त्या दिवशी घरी परतताना तुम्ही म्हणाला होता, "तू समोर उभी होतीस म्हणून जमलं. नाहीतर मी दारातूनच फिरलो असतो." तेच धरून तुम्ही शेवटपर्यंत मला धीराची म्हणत राहिलात, पाहुण्यांपुढंसुद्धा. अण्णा, त्या पायरीवर उभी राहून मी, तुम्ही परत फिरावं, असंच मनात म्हणत होते. तुम्ही वळून पाहिलंत तेव्हा मला वाटलं, फिरलात. आणि मला फार बरं वाटलं होतं.