माशाचा निरोप

प्रिय तोकुजी,

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे, म्हणजे ओसाकात जाऊनही तू काही सुधारला नाहीस. लेकाच्या सातव्या मजल्यावर बसून कुंडीतला कांदा राखतोयस म्हणे. वा रे शेतकरी! पण सोमवारी तो तुला डोक्याच्या डॉक्टरकडे नेणार, मग इथलं घर विकायला काढणार, आणि तूही मान डोलावलीस, हे वाचलं आणि माझा चहा तसाच गार झाला.

इकडे भातलावणी उरकली. तुझ्या बांधावर बेडकांनी सभा भरवलीय. देवळातली मंडळी विचारतात, पुढच्या जत्रेत क्योगेनच्या हसव्या नाटकातला नोकर आता कोण करणार? मी म्हणते, मला काय विचारता, मी पडद्यामागची बाई.

खरं सांगू, यंदाचा तो खेळ मी रोज डोळ्यांपुढं आणते. योशिमात्सु मालक झाला होता. ढेरी पुढं काढून त्यानं तीन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "पोचलो बाबा राजधानीला!" तर पहिल्या रांगेतून ओतोमे मावशी ओरडली, "एवढ्यात? मग येताना मीठ आण!" नंतर तू आलास, मालकाच्या काकांना भेट द्यायचा मासा घेऊन. वाटेत टेकलास, झाकण किलकिलं करून वास घेतलास, आणि मग जो खाल्लास रे! हातात काही नाही, तरी बाया आवंढे गिळत होत्या. दातातला काटा काढून तू समोर भिरकावलास, तर पुजारीबुवा खरंच बाही झटकायला लागले. आणि काकांपुढं थाप मारलीस, मासा आईच्या आठवणीनं रडत होता, म्हणून सोडून दिला. ते माशाचं रडणं! ओठ पुढं काढून, दोन्ही हात कल्ल्यांसारखे फडफडवत. मी पदर तोंडात कोंबला, नाहीतर माझंच हसू बाहेर ऐकू गेलं असतं.

ते काम पस्तीस वर्षं आमच्या ह्यांचं. ते गेल्यावर दोन वर्षं कुणी हात लावला नाही, यंदा तू उभा राहिलास. वही घेऊन पडद्यामागं नेहमीसारखी मी. अडलं की तू हातातल्या पंख्यानं फळीवर दोन ठोके द्यायचे, मी हळूच ओळ सांगायची, हे आपलं ठरलेलंच. काकांनी विचारलं, "मग जाताना माशानं काही निरोप दिला का?" आणि तू अडलास. दोन ठोके. परत दोन ठोके. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. तू वाकून नमस्कार केलास आणि आत आलास. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "काय रे बहिऱ्या, दोनदा सांगितलं की तुला!" सगळे फिदीफिदी हसले. तू तेवढा कानाला हात लावून म्हणालास, "मला काहीच ऐकू आलं नाही गं, फुसाए." कानाबरोबर डोकंही गेलं म्हणून लेक तुला घेऊन गेला, आठ दिवसांत तुझ्या दाराला कुलूप.

तोकुजी, मी काही सांगितलंच नव्हतं. ओळ माझ्या ओठांवर होती: "यंदा मला जमत नाही, काकांनीच एकदा आमच्याकडं यावं." पण माशाचं रडणं तू ह्यांच्यापेक्षा चांगलं केलंस. मी पोटभर हसले, आणि हसता हसता ते मला कळलं, आणि सोसलं नाही. म्हटलं, जरा घाम फुटू दे ह्याला. बघता बघता वेळ टळून गेली, आणि वर दोनदा सांगितल्याची ती थाप मारली. गंमत म्हणून मारली असं दोन महिने स्वतःला सांगतेय. गंमत नव्हती ती. तुझे कान धड आहेत. डोकं होतं तेवढं आहे. हे पत्र सोमवारच्या आत लेकाला वाचून दाखव, माझ्या नावासकट. आज देवळात मंडळी जमतील, त्यांना मी स्वतः सांगणार आहे. शिव्या द्यायच्या तर घरी येऊन दे, पण घर विकू नकोस. आणि एक, जे गावात कुणालाच ठाऊक नाही: ह्यांनाही दरवर्षी नेमकं तिथंच अडायचं. त्यांना मी पहिल्या ठोक्यालाच सांगायची.

तू बोलणं टाकलंस तरी तुझीच,
फुसाए