एकतिसावा खिळा

नेर, ३० नोव्हेंबर २०११

तीर्थरूप विठ्ठलमामांना मंदारचा दोन्ही हात जोडून नमस्कार. विमलमामींचा गुडघा कसा आहे? त्यांना चुलीपुढे फार वेळ बसू देऊ नका. बैलांचं बरं असेल. इकडे आई ठीक आहे. माझीही तब्येत उत्तम आहे.

दिवाळीत तुम्ही विचारलं होतं, की जिनिंगात मी नेमकं करतो काय. तेव्हा सांगताना मी जरा ऐट केली. आता साधं सांगतो. जिनिंगात एका दिवशी सरकी काढायला कापसाच्या ठरावीकच गाड्या घेता येतात, म्हणून शेतकऱ्याला आधी तारीख द्यावी लागते. आजवर ती एका सागवानी फळ्यावर दिली जायची. फळ्यावर एकतीस खिळे आहेत. खिळा म्हणजे तारीख. ज्याला जी तारीख मिळाली, त्याचा पत्र्याचा बिल्ला त्या खिळ्यावर. हा फळा वेबसाइटवर आणायचा आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर तारखेचा संदेश पाठवायचा, एवढंच माझं काम. आमचे व्यवस्थापक दीनानाथ साहेब यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "फळा जसा हाय तसाच पाह्यजे. एकही खिळा कमी नको." मी म्हणालो, साहेब, सगळे महिने एकतीस दिवसांचे नसतात. ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले. (त्या पाहण्याचा अर्थ तेव्हाच विचारला असता, तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.)

जावास्क्रिप्ट नावाच्या ज्या भाषेत मी हे लिहिलं, तिच्यात महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य, नोव्हेंबर दहा. इथे भलेभले फसतात आणि लोकांना महिनाभर उशिरा बोलावतात. मी फसलो नाही. ती चूक टाळली याचा मला इतका आनंद झाला, की त्या संध्याकाळी मी स्वतःला बसस्टँडवर कचोरी खाऊ घातली. दिवसांकडे लक्ष देण्याचं कारणच दिसलं नाही. बाबुलाल, म्हणजे आमचा वजनकाटा सांभाळणारा माणूस, फळ्यावरचे बिल्ले एकेका खिळ्यावरून वाचत गेला आणि मी ते भरत गेलो. एकतिसाव्या खिळ्याशी आल्यावर तो हसला. बिल्ल्यांचा घोस होता तिथे. मला वाटलं, गर्दीचा दिवस असेल.

मामा, तुम्ही नोव्हेंबरात कधी एकतीस तारीख पाहिली आहे? मीही नाही. पण आमच्या जिनिंगात ती आहे. ज्याला नाही म्हणायचं आहे पण तोंडावर म्हणवत नाही, त्याचा बिल्ला त्या खिळ्यावर जातो. कोणाचा कापूस ओला, कोणी काट्यावरून भांडलेलं, कोणी साहेबांच्या मेहुण्याशी बोलत नाही. त्यांना सांगायचं, "बिल्ला टांगला हाय, बघू." माणूस समाधानानं घरी जातो, आठ दिवसांनी पुन्हा येतो, पुन्हा बघू. एकतीस दिवसांच्या महिन्यात एक दिवस आधीच हा घोस उतरवून पेटीत ठेवतात. ही रीत माझ्या जन्माआधीची आहे, आणि जिनिंगात मला सोडून सगळ्यांना माहीत होती.

आता यंत्राचं ऐका. त्याला ३१ नोव्हेंबर दिली तर त्यानं चूक दाखवायला हवी, असं तुम्हालाही वाटेल. ते दाखवत नाही. ते ओरडत नाही, अडत नाही. नोव्हेंबर तीस दिवसांचा, एक दिवस उरला, तर तो पुढे सरकवून मुकाट्यानं १ डिसेंबर करतं. परवा सगळ्यांना संदेश गेले: आपला कापूस १ डिसेंबरला आणावा. वर्षानुवर्षं ज्यांना बघू सांगितलं, त्या सगळ्यांना एकच दिवस. शिवाय त्या दिवसाचे खरे बिल्लेवाले वेगळेच.

मला हे कळलं ते आभारांवरून. काल त्यांच्यातलाच खेमसिंग तुरीच्या शेंगांची थैली घेऊन आला. म्हणाला, "साहेब, चार वर्षांत पह्यल्यांदा तारीख भेटली. तुमचे पाय कुठं हायेत?" मी पाय टेबलाखाली घेतले. मग दुसरा आला, मग फोन सुरू झाले. मामा, कोणी शिव्या दिल्या तर माणूस दार लावून घेतो. आभार मानणाऱ्याला काय करायचं? यंदा भाव पडल्यापासून लोक आधीच तापलेले. त्यात तारीख देऊन गेट बंद ठेवलं, तर ते गेटाचं काय करतील आणि गेटाशी उभ्या असलेल्याचं काय करतील, हे मला सारखं दिसतं. जेवताना जास्त दिसतं.

शेवटी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यायले एकतीस फेब्रुवारी टाकून दे." मी करून दाखवलं. २ मार्च झाली. "मंग एकतीस एप्रिल?" १ मे झाली. साहेबांचा चेहरा उजळला. "त्या दिवशी सुट्टी असते. हेच पाठव." माझं बोट बटणावर होतं. ते खाली गेलं नाही. का, ते मला सांगता येत नाही. थैलीतल्या शेंगा समोरच होत्या. साहेब म्हणाले, "काहून थांबला?" मी म्हणालो, नेट गेलं. नेट होतं.

एवढंच. बाकी सर्व क्षेम आहे. थोरांना नमस्कार, लहानांना गोड पापा, आणि काळजी करू नये, कारण मी ती पुरेशी करतो आहे.

तुमचा भाचा,
मंदार

ता.क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. (राहिली नाही, टाळली.) त्या घोसात पहिलाच बिल्ला तुमचा आहे. मागच्या साली तुम्ही कापसाआधी स्वतः काट्यावर उभे राहिलात आणि चारचौघांत विचारलंत, "दवाखान्याच्या काट्यावर मी याहून जास्त भरलो, इथं आल्यावर वाळलो काय?" त्याच दिवशी तुम्ही एकतिसाव्या खिळ्यावर गेलात. परवा तुम्ही आईला फोन करून म्हणालात, "पोरानं माह्यं काम केलं." आई तेव्हापासून मला दोनदा चहा देते. मामा, मी काही केलं नाही.

ता.क. २. साहेब दुपारी वणीला साडूकडे गेले. जाताना गेटाची चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "उघडू नको." मी उद्या उघडणार आहे. तारखेचा संदेश जिनिंगाच्या नावानं गेला आहे. बाबुलाल काट्यावर बसायला तयार आहे, रात्र पडेपर्यंत. पण आतल्या जागेचा अंदाज घेतला तर शेवटच्या काही बैलबंड्या परवावर जातील, आणि तिथेच भडका उडेल. म्हणून विनंती अशी, की तुम्ही या, बंडी सगळ्यात मागे लावा, आणि स्वतः पुढे येऊन माझ्याजवळ उभे राहा. मामाचीच बंडी मागे आहे म्हटल्यावर मी भाचेगिरी करून मामाला पुढे काढलं, असं कोणी म्हणणार नाही. तुमचा कापूस परवा मोजीन. कदाचित तुम्हालाही.

ता.क. ३. हे पाकिटात घालत होतो तेवढ्यात बाबुलाल आला. दिवस मावळायच्या आत गेटाला बंड्या लागल्या आहेत. सर्वांत पुढची तुमची. तुम्ही जुवावर पाय ठेवून खेमसिंगला सांगत आहात, ते मला खिडकीतून ऐकू येतं: "माह्या भाच्यानं तारीख देल्ली. पह्यला नंबर माह्या. कोन अडवते मले, पाहू!" म्हणून पत्र रात्रीच्या एसटीनं पाठवत नाही, बाबुलालच्या हाती देतो, सोबत चहा. चहा आधी प्या. पत्र मनातल्या मनात वाचा. माझ्याकडे रागानं बघायचं असेल तर खिडकी डाव्या बाजूची. आणि बंडी वळवायची असेल तर आत्ताच वळवा मामा, मागे अजून जागा आहे.